कस्टर्डवरची बाई

स्वॉन्झी, गुरुवार

प्रिय डेलिथ,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते, उगाच हुरळून जाऊ नकोस. तुझा निरोप मिळाला. नोकरी जाईल म्हणून तू घाबरली आहेस म्हणे. तू! मी हो म्हणते की नाही ते शेवटी सांगते. तोवर गुमान बस आणि वाच. आजारपणाच्या रजेवर आहेस, वेळच वेळ आहे तुला.

माझा नवरा इद्रिस गेला त्यानंतरचा मार्च आठवतो का गं? हिवाळा सरला तरी मी सावरले नव्हते. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे तळता तळता रडू फुटायचं, आणि उकळत्या तेलापुढे रडणं काही बरं नव्हे. डॉक्टरीणबाईंनी रजेची चिठ्ठी दिली, वर बजावलं की घरात कोंडून घेऊ नका, रोज समुद्रावर फिरून या. मी ऐकलं. मम्बल्सच्या धक्क्यावर आइस्क्रीम खात बसले होते तर समोरून तू. मी वेडी, हात केला! तूही केलास, गोड हसून. आठवडा जातो न जातो तोच तुझ्या सहीचं पत्र घरात. आजारी असूनही बाहेर मजेत दिसलात, सबब कचेरीच्या आरोग्यतपासणीला हजर व्हा. इतकी वर्षं माझ्याबरोबर एका सिंकवर भांडी घासलीस, आणि वरच्या मजल्यावर कचेरीत टेबल मिळताच माझ्या आइस्क्रीमची चुगली केलीस. जळलं मेलं तुझं ते टेबल.

तपासणी म्हणजे काय, तर एक फोन. कार्डिफहून कुणी नर्स बोलत होती. जिने चढता येतात का, किटली उचलता येते का, खाली वाकता येतं का. म्हटलं, बाई, सगळं येतं, नवरा तेवढा परत येत नाही. तर ती पुन्हा जिन्यावर आली. शेवटी काय, तर कामाला योग्य, पण थोडी सवलत द्यावी.

मग कचेरीतली ती बैठक, मला कामावर ठेवायचं की नाही ते ठरवायची. आजारी दिसायची लाज वाटते गं माणसाला. आईनं शिकवलेलं, साहेबापुढे नीटनेटकं जावं, म्हणून केस बसवून, लिपस्टिक लावून आले होते. तू चष्म्यावरून पाहिलंस आणि त्या पोरगेल्या साहेबाला म्हणालीस, "लिपस्टिक लावायला जमतं, मग कस्टर्ड ढवळायलाही जमेल." तो फिदीफिदी हसला. टेबलाच्या अलीकडे मी एकटीच. सोबत कुणाला आणायचा हक्क असतो हे सांगायला तुझी जीभ रेटली नाही. आणि सवलत म्हणून काय केलंस, तर माझ्या सुऱ्या काढून घेतल्यास, बाईचा भरवसा नाही म्हणून! पोत्यांनी गाजरं चिरणाऱ्या हातात कस्टर्डचा डाव दिलास. पोरंसुद्धा मला कस्टर्डवरची बाई म्हणायला लागली. त्याच वर्षी मी युनियनमध्ये शिरले. आता स्वयंपाकघरातल्या बायकांबरोबर अशा बैठकांना मीच जाते.

आणि आता तुझी पाळी. छातीत धडधडतं, झोप नाही, रजा लांबली, जिन्याचे प्रश्न विचारून झाले, आणि सोमवारी तोच साहेब तुला खुर्चीवर बसवणार. सोबत म्हणून तू नाव कुणाचं दिलंस? माझं! धीर कसा झाला गं तुझा? स्वयंपाकघरातली रिआनन म्हणाली, जाऊ नकोस, बुडू दे तिला. मलाही तेच वाटलं, आणि खरं सांगते, दोन दिवस फार छान वाटलं. पण त्या खुर्चीवर एकटं बसणं काय असतं ते मला ठाऊक आहे. ते तुला कळावं असं वाटण्याइतकी मी अजून तुझ्यासारखी झालेली नाही. तेव्हा सोमवारी दहाला दाराशी थांब. केस विंचरू नकोस, लिपस्टिक तर मुळीच लावू नकोस. मी लावणार आहे.

सोमवारपुरती तुझीच,
गेनॉर