घर येल्लेला, होडी दुर्कला

मी, विट्स्के हूक्स्ट्रा, वय सदुसष्ट, धंदा शिडे शिवण्याचा, राहणार माक्कुम, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टर पोस्टमाबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. गावात पुष्कळांकडे असा दाखला नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याच होडीत, धाकटा भाऊ दुर्क सुकाणूवर असताना, शिडाचा आडवा दांडा फिरून माझ्या डोक्यावर बसला. जखम लवकर भरली. बाकीचे भरले नाही. दुपारपर्यंत मी माणूस असते, नंतर ओले पोते. दोघे एकदम बोलले की काही कळत नाही. सुई हातात असते, पण 'सुई' हा शब्द सापडत नाही. दूध उतू जाते आणि माझा राग त्याच्याही आधी.

राहते घर, सर्व चीजवस्तूंसह, पती येल्ले यांस द्यावे. तोही एकदा वैतागून म्हणाला होता, "विट्स्के, जरा मनावर घे ना!" तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याला समोर बसवून सुनावले, "मनावर घेऊन मोडका पाय चालतो का? यांच्या मेंदूला मार बसलाय. हा आळस नाही." परतताना मी गाडीत रडले, सुटल्यासारखे वाटून. त्या दिवसापासून जेवणानंतर मी झोपते आणि भांडी तो घासतो. वाईट घासतो. तरी घर त्याचेच.

सुया, चामडी हातपट्टा व मेण माझी भागीदार बाउक्ये हिला. माझे दुपारचे वाकडे टाके ती गुपचूप उसवून पुन्हा घालते, हे मला ठाऊक आहे.

होडी दुर्कला. "ताईची सगळी सोंगं आहेत," असे तो गावभर सांगत असे. गेल्या हिवाळ्यात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, दांडा फिरला तेव्हा 'डोकं खाली घे' अशी हाकच मी दिली नव्हती. तुला खरंच लागलंय असं मानलं असतं, तर दोष माझा ठरला असता."

मला त्या दिवसाचे काही आठवत नाही. हाक आली असेल, माझेच लक्ष नसेल, असे समजून मी स्वतःला बोल लावत आले.

"गाढवा, हे आधी सांगायचंस!" मी म्हणाले. मग दोघेही हसलो. त्या रात्री मला गाढ झोप लागली. होडी त्याने विकू नये, चालवावी.

माझ्या अंत्यविधीला वाद्ये नकोत. कॉफी, केक आणि हळू आवाजात गप्पा असाव्यात. कोणी थकून मध्येच उठले तर जाऊ द्यावे. कारण विचारू नये.

हा मजकूर मी सकाळच्या वेळी, थांबत थांबत, स्वतः लिहिला व वाचून पाहिला.

सही: विट्स्के हूक्स्ट्रा
साक्षीदार: डॉ. अनेके पोस्टमा; त्यित्स्के ब्राउवर, शेजारीण
माक्कुम, १४ मे २०१९