तापलेल्या वाळूतल्या मुली

ती. आईंना नमस्कार,

मला तिसरी मुलगी झाली तेव्हा, "हिला मुलगा व्हायचा नाही," म्हणत तुम्ही थोरल्या भाऊजींकडे गेलात, त्या परतलाच नाहीत. मी अजून किनाऱ्यावर कासवांची अंडी राखते.

यंदा न फुटलेली अंडी कासवांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तपासली. आत सगळ्या माद्याच. कासवांत मुलगा की मुलगी हे वाळूची ऊब ठरवते. थोडी जास्त तापली की मुलीच. आपण कोळसा आणि तेल जाळून हवा तापवली, ती ऊब हातभर खाली, कवचातल्या जिवापर्यंत पोचली. मी वाळूत हात खुपसून ती ऊब पाहिली.

"असंच चाललं तर नर उरायचे नाहीत, मग पुढे अंडी फळायचीच नाहीत," बाई म्हणाल्या.

म्हणून तुमच्या नाती घरट्यांवर चादरी ताणून सावली करतायत. धाकटीने विचारलं, "आई, आता मुलगे होतील ना?"

"होऊ देत गं बाई," मी म्हटलं आणि स्वतःशीच चपापले. हे तर माझ्या दर बाळंतपणाआधीचं तुमचं वाक्य.

पत्र टाकणार नाही, नाहीतर "मी काय सांगत होते?" म्हणाल. चादरी मात्र कमी पडल्या. तुम्ही याल म्हणून घडी करून ठेवलेली तुमची चादर न विचारता नेली आहे.

तुमची धाकटी सून