चिलखत, खुबा वगळून

५ सप्टेंबर

घेतलं एकदाचं! मोटरसायकल नव्हे — ती महिन्यापूर्वीच आली आणि तेव्हापासून खाली झाकून उभी आहे. आज तिच्यावर बसायची परवानगी घेतली. म्हणजे कपडे. काळं जाकीट, काळी पँट आणि आत पॅड — खांद्यांना, कोपरांना, गुडघ्यांना, पाठीला एक भलामोठा आणि खुब्याला दोन्ही बाजूंनी एकेक. नवऱ्याची अटच होती. “पूर्ण चिलखत, नाहीतर बसने जा.” सकाळच्या पाळीला जाणारी बसच बंद झालीये, हे तो सोयीस्कर विसरतो.

दुकानातल्या बाईने खुब्याचा पॅड हातात दिला. करडा, मऊ, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. म्हणाली, “दाबा — लोणी. आपटा — दगड.”

घरी जेवणाच्या टेबलावर प्रयोग करून दाखवला. खाली माझा हात, वर पॅड, सासूबाईंच्या हातात बत्ता. “मारते हं,” म्हणाल्या. मला वाटलं, हलकेच मारतील. दणकाच दिला! काही लागलं नाही. “परत मारू?” — लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत ही चमक पहिल्यांदाच पाहिली. मन भरेपर्यंत मारून घेतलं. शेवटी नवरा म्हणाला, “आई, बास. पॅड तपासायचाय, सून नाही.”

६ सप्टेंबर

आरशात पाहिलं. पाहायला नको होतं.

८ सप्टेंबर

आजपासून दारात तपासणी सुरू. नवरा शाळेत गणित शिकवतो. पडताळा घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. निघताना बोटांच्या पेरांनी ठोकून बघतो — खांदा, खांदा, कोपर, कोपर. “वळ.” पाठ. मग खाली बसून गुडघे. बंद दार वाजवावं तसं! आतून कुणी “कोण आहे?” म्हणेल असं वाटतं.

खुब्यापाशी मात्र हात थबकतो. समोरच्या खुर्चीत सासूबाई चहा पीत बसलेल्या असतात. आईदेखत बायकोच्या कुल्ल्यांवर टकटक करायची त्याची छाती नाही. घसा खाकरून विचारतो, “बाकीचं... आहे ना?” मी म्हणते, “आहे.” सासूबाई बशीत बघतात.

हॉस्पिटलात पोचले तर हाडांचे डॉक्टर एक्स-रे विभागाच्या दारातच उभे. “अरे वा, मॅडम! कपाट स्वतःच चालत आलं? हमाल कुठायत?”

सगळे हसले. मीही हसले. म्हणजे माझं तोंड हसलं.

१० सप्टेंबर

प्रामाणिकपणे लिहायचं तर: खांदे, कोपरं, पाठ यांचं मला काही वाटत नाही. जाकिटात सगळेच तसे दिसतात. पण खुब्याचे! देवाने आधीच तिथे हात सैल सोडलाय, त्यावर हे आणखी दोन मजले. आज विभागात वळताना माझ्या खुब्याच्या धक्क्याने टेबलावरची चिठ्ठ्यांची पेटी पडली. मला पडल्याचं कळलंच नाही — पॅडला लागली ना!

१२ सप्टेंबर

खुब्याचे पॅड काढले.

कारण काय? स्वतःला सांगितलं, की शिशाचा एप्रन वर नीट बसत नाही. मग आठवलं — पँट बदलूनच मी एप्रन घालते. मग सांगितलं, की बसताना रुततात. रुतत नाहीत. मग सांगितलं, की घरापासून हॉस्पिटल जवळच तर आहे. पडणाऱ्याला पडायला किती लांब जावं लागतं?

मला माहीत नव्हतं अशी सबबही मला नाही. मी दिवसभर मोडलेल्या हाडांचेच फोटो काढते. खुब्याचं हाड मोडलेलं माणूस टेबलावर घेताना कसं ओरडतं, ते मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत आहे. तरी काढले. मी जाड दिसते म्हणून. झालं लिहून. आता जरा हलकं वाटतंय — शब्दशः.

पॅड खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चादरींखाली ठेवलेत. तिथे कुणी हात घालत नाही.

१३ सप्टेंबर

टक टक टक. “बाकीचं आहे ना?”

“निघते हं, उशीर झाला!” म्हणाले. हे खोटं नाही. उशीर झालाच होता. रस्ताभर विचार केला — प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे खोटं बोलणं का? सिग्नलला थांबले तेव्हा ‘नाही’ असं ठरलं. सिग्नल सुटला तेव्हा ‘हो’.

१५ सप्टेंबर

आज एका आजोबांच्या कमरेचा फोटो. नेहमीप्रमाणे विचारलं, “खिशात काही नाही ना?” “छे छे.” पडद्यावर मणक्याशेजारी कंगवा! दातनदात दिसत होता. खिशात काही नाही म्हणणाऱ्याच्या खिशात हटकून काहीतरी निघतं. मला राग आला. दुसऱ्यांदा फोटो काढावा लागला. “आजोबा, खरं सांगायला काय जातं?” असं फणकारून म्हणाले, आणि लगेच कान तापले. कुणाला म्हणत होते मी?

संध्याकाळी सासूबाईंशी तीच रोजची जुंपली. न्हाणीघरापाशी त्यांचा तोल गेला होता, तेव्हापासून डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितलीये. काठी कोपऱ्यात उभी आहे. तिच्यावर नवऱ्याची छत्री टांगलेली असते.

“आई, खुबा मोडला तर किती महिने पडून राहावं लागेल, कल्पना आहे?”

“काठी घेतली की भेटेल तो विचारतो, काय झालं? काही झालेलंच नसताना मी काय सांगू?”

“काही होऊ नये म्हणूनच असते ती.”

“हो का? मग तू —” म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या पँटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जाऊ दे. दूध उतू जाईल.”

दूध गॅसवर नव्हतंच.

१७ सप्टेंबर

मोटरसायकल चालवताना मला गाता येतं, हा शोध लागला. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही. कॉलेजात मैत्रिणीची गाडी चालवायचे तेव्हाही असंच गायचे. हे सुख गमावायचं नाही. एखादी थाप बाहेर आली की गाडी विकली जाणार — नवरा बोलतो ते करतो. मग खुब्याचे पॅड परत बसवून टाक की बाई! दोन चेन उघडायच्या, आत सरकवायचे, झालं.

उद्या.

१८ सप्टेंबर

आज पाहुणे होते. उद्या.

१९ सप्टेंबर

सासूबाईंनी सुईत दोरा ओवून मागितला. गाऊनला आतून खिसे लावतायत. “चष्मा, रुमाल, गोळ्या — बाईमाणसाने ठेवायचं कुठे? शिवणाऱ्यांना अक्कल नसते.” मी शिवून देऊ का विचारलं. “माझी नजर गेलीये, हात नाही गेले.” बरं.

२० सप्टेंबर

खण उघडला. चादरी आहेत. पॅड नाहीत!

सगळा खण उपसला. वरचे दोन्ही खण उपसले. कुठेच नाहीत. घरात माणसं तीन. मी घेतले नाहीत. सासूबाईंना वाकायला होत नाही. उरला कोण?

त्याला कळलंय.

२१ सप्टेंबर

रविवार. काही बोलला नाही. दुपारी न सांगता माझा डबा घासून ठेवला, उद्याच्यासाठी. याच्याआधी त्याने डबा कधी घासला होता ते आठवत नाही.

२२ सप्टेंबर

टक टक टक — आज फारच हळुवार. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “तू खरंच खूप जबाबदारीने वागतेस.”

ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. काय हा थंड डोक्याचा छळ! गणिताच्या मास्तरांशी लग्न करू नये. ते उत्तर आधीच काढून ठेवतात आणि आपल्याला फळ्यापाशी उभं करतात.

एका पेशंटचा डावा गुडघा सांगितला असताना उजवा मांडून ठेवला. वेळेत लक्षात आलं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, “कपाटाला वाळवी लागली का?”

ठरलं. उद्या स्वतःहून सांगायचं.

२३ सप्टेंबर

जेवणं झाल्यावर गॅलरीत गेलो. मी म्हणाले, “मला काहीतरी सांगायचंय.”

“मलापण.”

“आधी तू.”

“नाही, तू.”

शेवटी त्यालाच राहवलं नाही. रविवारी सकाळी मी झोपले असताना तो खाली जाऊन माझ्या गाडीवर बसला होता! “नुसतं बसून बघायचं होतं.” स्टँड काढला, गाडी कलली, तो तिच्याखाली. आरसा तडकला. कोपर सोलवटलं. शेजाऱ्यांनी गाडी उचलली आणि मग त्याला. म्हणून डबा! म्हणून जबाबदारी! तडा मला कसा दिसला नाही? मी पेट्रोलच्या टाकीवरच्या माझ्याच प्रतिबिंबात कुल्ले किती रुंद दिसतात ते बघत असते, आरशात कोण बघतंय.

“अंगात काय होतं?” मी विचारलं.

“बनियन.”

हसून हसून मला कठड्याला धरावं लागलं. सासूबाई आतून ओरडल्या, “काय झालं रे?” “काही नाही, आई!” — दोघं एकदमच.

“बरं, तुझं काय होतं?” त्याने विचारलं.

आणि मी — मी, जी आजोबांच्या कंगव्यावर खेकसले होते — म्हणाले, “विसरले बघ.”

२४ सप्टेंबर

हे मात्र सरळसरळ खोटं. याला सिग्नल नाही.

शिवाय पॅड त्याने घेतले नाहीत, तर गेले कुठे? सासूबाईंना विचारावं तर काय विचारावं? “आई, मी नवऱ्यापासून लपवलेली वस्तू तुम्ही पाहिलीत का?”

२७ सप्टेंबर

एक्स-रे विभागात बसून चिठ्ठीच्या पाठीवर लिहितेय, नंतर चिकटवेन. नवऱ्याचा फोन आला. सासूबाई पडल्या. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर, आडव्या, डाव्या अंगावर. उभं राहवत नाहीये. घेऊन येतोय. त्याचा आवाज शाळेतल्या मुलासारखा झाला होता.

काठी कोपऱ्यात होती, छत्रीसकट.

डावं अंग, म्हणजे खुबा. या वयात खुबा मोडला की पुढे काय काय होतं ते मी रोज बघते. आज ते माहीत नसतं तर बरं झालं असतं. किती वाद घातले त्यांच्याशी, आणि एकदाही स्वतःचं उदाहरण पुढे ठेवून दाखवलं नाही. स्वतःचे पॅड चादरीखाली आणि तोंडाने उपदेश. त्यांनी का ऐकावं माझं?

आले.

२८ सप्टेंबर

काल फोटो मीच काढला. हलवलं की कळवळत होत्या, म्हणून गाऊन बदलला नाही. नियमाप्रमाणे विचारलं, “आई, खिशात काही नाही ना?” “काही नाही गं, काढ लवकर.”

पडद्यावर खुबा आला. अखंड! केसाएवढी रेघ नाही. आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, फिकट, मधाच्या पोळ्यासारखी जाळी.

मी काचेतून पाहिलं. त्यांनी टेबलावरून माझ्याकडे पाहिलं. आणि छताकडे बघू लागल्या.

“ही जाळी कसली?” मागून डॉक्टर.

“गाऊनची शिवण असेल,” मी म्हणाले. आणि दुसऱ्यांदा फोटो काढला नाही.

नुसता मुका मार आहे. संध्याकाळी बिछान्यावर त्यांना शेक देत होते. नवरा औषधं आणायला गेला होता.

“खण पायाने ओढला,” त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. “तुला नको होते ना? मग. त्याला बोलू नकोस. माझंही, तुझंही.”

“बोलणार नाही. पण मी उद्या नवे आणून बसवतेय माझ्या पँटीत. खरंच.”

मला वाटलं, डोळा लागला.

“जाशीलच दुकानात,” म्हणाल्या, “तर एक जोड जास्त आण. हा गाऊन धुवायला पडला की मी उघडी पडते.”