तीन इअरफोन आणि सांगवीची मोटर

पणदरे,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

संभाजीराव व्याह्यांना पणदऱ्याहून नारायणचा रामराम.

इकडे स्वरूपा आणि तुमचा-आमचा नातू खुशाल. दगडाबाई मालिशीला बसल्या की तो सगळ्या आळीला हाक मारतो. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून जावईबापू ऋषिराजजवळ पत्र देतोय.

कारण म्हणजे इअरफोन. जावईबापूंनी वायरवाले, कानाच्या आत बसणारे तीन आणले. तिन्ही स्वस्तातले. म्हणाले, "मामा, एकच ठेवायचाय. तुमचा कान पारखी, तुम्हीच सांगा." मुलगा तुमचा असला तरी माणूस ओळखतो.

मी गाण्यातला नाही. पण जळकी मोटर नव्या तारेनं भरायचं काम कुठल्या शाळेत न जाता शिकलोय, त्यामुळे तपासणी रीतसर केली. हलगी, रेडिओच्या बातम्या आणि मोटर, अशा तीन परीक्षा. (हाताखालून गेलेल्या प्रत्येक मोटरचा आवाज मी मोबाइलमध्ये तारखेसकट ठेवतो.) आधी रबरं बदलली. मधल्या मापाचं माझ्या डाव्या कानाला सैल होतं, आणि फट राहिली की खर्ज गळतो. हे खोक्यावर कुणी लिहीत नाही.

काळ्यात हलगी रिकाम्या पिंपात वाजते. बाद. चंदेरीत बातम्या देणाऱ्या बाईला सर्दी झालीय. बाद. तिसरा पारदर्शक. त्यात हलगी हलगीसारखी, बाई बाईसारखी. मग मोटर लावली, तर मागं बारीक चिर्र. शेरा लिहिला, 'पदरचा आवाज घालतो. बाद.'

खातरजमेला तीच मोटर उरलेल्या दोघांत लावली. पुन्हा चिर्र. तिघांना एकच रोग कसा? म्हणून पिठाच्या गिरणीची मोटर लावली. तिन्हींत साफ.

आता चिर्र करणारी मोटर कुणाची, ते विचारू नका.

बरं, सांगतो. तुमचीच. जूनमधली, सांगवीच्या विहिरीवरची.

इअरफोन काढून तोच आवाज उघड्यावर लावला. मला चिर्र नाही. स्वरूपाची आई प्रमोदिनी मेथी निवडत होती. म्हणाली, "बंद करा ते, दात शिवशिवत्यात."

"तुला ऐकू येतंय?"

"तवा विहिरीवर बी येत व्हतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी व्याह्यांच्या कानातला मळ काढीत व्हता. मधी कुठं बोलू?"

संभाजीराव, त्या दिवशी तुम्ही म्हणालात, बेअरिंग वाजतंय. मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावून चार माणसांत म्हणालो, बेअरिंग ठणठणीत आहे, तुम्ही कान साफ करून या. आठव्या दिवशी मोटर जाम झाली. ऐन गरजेला उसाचं पाणी तुटलं. तरी मी बारामतीपर्यंत सांगत सुटलो की व्होल्टेज कमी होतं. व्होल्टेज मी मोजलंच नव्हतं.

तुमचा निरोप पोचलाय. चूक कबूल केल्याशिवाय पणदऱ्याचा उंबरा चढणार नाही, नातवाच्या बारशालासुद्धा नाही. स्वरूपा पाहुण्यांची यादी करताना पहिली ओळ मोकळी सोडते.

तर कबूल. बेअरिंग वाजत होतं. मळ नव्हता, निदान तुमच्या कानात नव्हता. माझ्याही नाही, ते डॉक्टरांकडं तपासून आलो. बारीक आवाज माझ्या कानातून गेलेत, थेट कानात ओतले तरच कळतात; परत येत नाहीत म्हणे. हे प्रमोदिनीलाही अजून सांगितलेलं नाही. इतक्या वर्षांत किती मोटरी 'ठणठणीत' म्हणून परत दिल्या, ते आता आठवत बसतो.

इअरफोनचा निकाल असा: पारदर्शक ठेवावा. पदरचं काही घालत नाही, आहे ते सांगतो. असली वस्तू घरात सांभाळणं जड जातं, एवढाच दोष.

रविवारी सकाळी अकराला पाळणा आहे. त्या दिवशीची चारही माणसं बोलावलीत, त्यांच्यासमोर हेच पुन्हा बोलेन. मग तुम्हाला जे सुनावायचं ते सुनावा. फक्त जवळ बसून, जरा मोठ्यानं. एकही शब्द चुकवायचा नाही मला.

तुमची वाट बघणारा व्याही,
नारायण