कायद्याचा संध्याकाळचा वर्ग

चिऊ,

आज सकाळी तुझे बाबा अगदी खुशीत होते. त्यांनी मला चहा करून दिला, माझ्या चपला पुसून दाराशी ठेवल्या. तेवढ्यात कॉलेजातून फोन आला. "बाई, तुमच्या मिस्टरांच्या सांगण्यावरून कायद्याच्या संध्याकाळच्या वर्गातून तुमचं नाव काढलं आहे."

मी बाबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "त्या सरांकडे कशाला? सकाळी शिवणाच्या बाईंचा वर्ग घे. मीच सोडेन, मीच आणेन." आणि माझा फोन स्वतःच्या खिशात टाकला. आज रजाही घेतली आहे.

इतक्या वर्षांत मी स्वतः निवडलेला हा एकच विषय, गं.

ते आंघोळीला गेले आहेत. बाकी सगळं ते उघडून पाहतात, म्हणून चिठ्ठी तुझ्या खेळाच्या बुटात ठेवते. दुपारी बूट बदलायला येशील तेव्हा त्यांच्याशी नेहमीसारखीच बोल. सरावानंतर मात्र घरी येऊ नकोस, सरळ मावशीकडे जा. मी आत्ताच निघते, कॉलेजात नाव पुन्हा घालते आणि वर्ग सुटला की तिकडेच येते.

नळ बंद झाला. घराची माझी किल्ली खिळ्याला टांगली आहे. ती आता मला नको.

आई