पेटी रिकामीच परत करावी

माय, आज दुपारी आमच्या ग्रंथालयाचं वेबपेज सुरू झालं आणि तुला सांगावंसं वाटलं. घरी सांगून झालं आहे. तुझी सून म्हणाली, "बरं झालं, आता रविवारी तरी घरात दिसाल." तेवढ्यावर तिने कुकर लावला. तिचंही बरोबर आहे. गेले कित्येक दिवस मी जेवताना ताटाकडे बघत नव्हतो, हिरवा रंग कुठे आणि लाल कुठे याचाच विचार करत होतो.

वेबपेज म्हणजे काय हे तुला कसं सांगू? आपल्या मागच्या खोलीचं दार आठव. मारुतीच्या देवळाला लागून आपलं घर, म्हणून गावकीची भांडी आपल्याकडे. लग्नाकार्याची मोठाली तपेली, पराती, कढया, झारे आणि कोपऱ्यात गुंडाळून उभ्या केलेल्या सतरंज्या. त्या खोलीला चिंचेचा आणि राखेचा वास असायचा. कोणाकडे कार्य ठरलं की त्या घरची बाई आधी आपल्या ओट्यावर येऊन टेकायची, पावसापाण्याचं बोलायची आणि उठता उठता विचारायची, "मोठं तपेलं मोकळं आहे का गं पुनवेला?" तू क्षणभर डोळे मिटायचीस आणि सांगायचीस, मोकळं आहे की कोणाकडे जाणार आहे, आणि जाणार असेल तर कधी परत येईल. भांडं परत आलं की तू बोटाच्या पेराने त्याला टिचकी मारून आवाज ऐकायचीस. आवाज बसका आला तर, "कुठे आपटलं गं?" एवढंच विचारायचीस. माझं पान हेच काम करतं. फक्त त्याला ओटा नाही आणि पावसापाण्याचं बोलणं नाही.

इथे सिल्वासाला, गुजरातच्या हद्दीला लागून, आमच्या ग्रंथालयात पुस्तकं तर आहेतच, पण आता वस्तूही मिळतात. प्रोजेक्टर, शिलाई मशीन, माईक आणि स्पीकर, शिडी, मुलांना दाखवायला दुर्बीण. नरोलीला, राखोलीला कारखान्यात कामाला आलेली माणसं एका खोलीत चार-पाच जण राहतात. ती शिडी विकत घेऊन ठेवणार कुठे? त्यांनी फोनवर आमचं पान उघडायचं, वस्तूचं चित्र बघायचं, चित्राखालच्या दिनदर्शिकेत हिरव्या दिवसावर बोट ठेवायचं, की तो दिवस लाल होतो आणि त्या दिवशी ती वस्तू त्यांची. संगणक मी चाळिशीत शिकलो, तरी हे पान मला करायला दिलं. मी पहिल्यांदा सगळी नावं शुद्ध मराठीत घातली आणि फार खूश झालो. मग अथालचे एक दुकानदार आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, "काका, आ छिद्रक एटले शुं? दवा छे?" मी म्हटलं, भिंतीला भोक पाडायचं यंत्र. ते म्हणाले, "तो ड्रिल बोलो ने! डराव्या मने." त्या दिवशी सगळी नावं बदलली. आता लोक ज्याला जे म्हणतात तेच तिथे लिहिलं आहे, मराठी, गुजराती आणि हिंदीत.

तुला मुंग्यांची गोष्ट सांगायची आहे. श्रावणात, नागपंचमी झाल्यावर, नरोलीच्या एका चाळीतला माणूस प्रोजेक्टर मागायला आला. आपल्याच मुलखातला, तापीकाठचा. सूत कारखान्यात काम करतो. त्यांच्या चाळीत सगळी खानदेशची घरं, आणि त्यांना यंदा कानबाईच्या सणाला गावी जायला सुट्टी मिळाली नव्हती. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की गावातल्या भावाने फोनवरून कानबाई दाखवायची आणि इथे ती चाळीच्या भिंतीवर मोठी करून बघायची. मी स्वतः जाऊन तारा जोडून दिल्या. माय, त्या भिंतीवर पलीकडच्या गावातली कानबाई उभी राहिली, नथ, पिवळं लुगडं, सगळं दिसत होतं आणि इकडच्या बायका भिंतीलाच हळदीकुंकू लावायला पुढे झाल्या. एक म्हातारी ओरडली, "अगं हळू, देवीच्या डोळ्यात जाईल!" मीही हात जोडले. भिंतीला जोडले की देवीला, हे तेव्हा मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तो प्रोजेक्टर वेळेवर परत आला. मी त्याची पेटी तशीच कपाटात ठेवली. त्यानंतर शिक्षकांसाठी एक व्याख्यान होतं. आमच्या ग्रंथपाल मॅडम पहिल्या रांगेत बसलेल्या. त्या मूळच्या रत्नागिरीकडच्या, मुंबईत शिकलेल्या, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि शिस्तीच्या. मी प्रोजेक्टर लावला. पडद्यावर माणसाचं हृदय आलं. वक्ते बोलायला लागले आणि हृदयाच्या डाव्या बाजूने एक म्हशीएवढी मुंगी चालत आली. तिच्यामागे आणखी एक. मग ओळच लागली. मागून एक गुजराती गुरुजी म्हणाले, "साहेब, आ तो जीवतुं पिक्चर छे!" आणि सगळा हॉल हसायला लागला. वक्तेही हसले. मॅडम हसल्या नाहीत. पेटी उपडी केली तर तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली खापरावरची पुरणपोळी निघाली.

यंत्र उघडून साफ करायला वापीहून माणूस बोलवावा लागला. ते सुधारलं, पण मॅडमनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "अहो, आज मुंग्या आहेत, उद्या वस्तूच परत आली नाही तर मी कोणाला शोधू? ही माणसं आज या खोलीत, उद्या त्या खोलीत. पानावर एक अट घाला. इथल्या कायमच्या पत्त्याचा पुरावा असेल त्यालाच वस्तू मिळेल." मी म्हटलं, "मॅडम, भाड्याच्या खोलीवाल्यांना घरमालक कागद करून देत नाहीत." त्या म्हणाल्या, "मला माहीत आहे. पण मला वर उत्तर द्यावं लागतं." त्या वाईट बोलल्या नाहीत. मी जागेवर येऊन ती चौकट तयार केली. पत्ता रिकामा ठेवून पुढचं बटण दाबलं तर लाल अक्षरं यायची आणि पान पुढेच जायचं नाही. कारागिरी म्हणून ते चांगलं जमलं होतं. पण ज्या लोकांना बघून मी हे पान करायला घेतलं होतं, ते सगळे त्या लाल अक्षरांच्या पलीकडे राहणार होते. दोन दिवस मला देवापुढे दिवा लावतानासुद्धा तेच दिसत होतं.

तेवढ्यात तो माणूस आला, बायकोला घेऊन. मुंग्यांचं कोणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. तो दारातच उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, "अरे बाबा, पेटीत पोळी कशाला ठेवलीस?" तो खाली बघत म्हणाला, "रिकामं कसं देवानं, भाऊ? रिकामं देतात का कोणी?" त्यावर त्याची बायको उसळली, "मी सांगितलं होतं यांना, हातात द्या म्हणून! पेटीत कोणी पोळी घालतं का? मी चुलीपुढे बसून भाजली आणि यांनी मुंग्यांना जेवण घातलं." तो म्हणाला, "हातात दिली तर सरकारी माणूस घेतो का? लाच म्हणतील. म्हणून गुपचूप ठेवली. म्हटलं, उघडतील तेव्हा खातील." आणि मला तू दिसलीस.

आपलं स्वयंपाकघर. चुलीवर आधण आहे आणि डब्यात काही नाही, ते वर्ष. शेजारच्या काकूंनी वाटीभर कढी पाठवली होती आणि ती वाटी परत द्यायची आहे. तू वाटी घासून, पुसून हातात धरून उभी आहेस. फडताळ उघडतेस, मिटतेस. मी म्हणतो, "मीठ घाल ना." तू म्हणतेस, "मीठ असं देत नाहीत." मग तू मागच्या दारी जातेस, शेवग्याची फांदी वाकवतेस आणि वाटीभर कोवळा पाला तोडून आणतेस. मला हसू येतं. कढीच्या बदल्यात पाला! तू माझ्या डोक्यात हलकी टपली मारतेस आणि म्हणतेस, "दात काय काढतोस? भाजी करतील. जा, नेऊन दे, आणि धावू नकोस, पानं सांडतील." मी वाटी घेऊन जातो, आणि काकू ती हसून घेतात, जणू त्यांनी पालाच मागितला होता.

त्या दोघांना मी मॅडमच्या खोलीत घेऊन गेलो. नेताना माझ्या मनात काही ठरलेलं नव्हतं. त्याची बायको सरळ म्हणाली, "मॅडम, चूक यांची आहे, पण पोळी चांगली होती." मॅडमनी विचारलं, "खापरावर करता म्हणजे कशी हो?" ती बाई दोन्ही हात पसरून, हवेतच पोळी मोठी करत, मनगटावर फिरवत सांगायला लागली. मॅडम ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता म्हणाल्या, "आमच्याकडेही शेजारचं ताट कोणी रिकामं पाठवत नाही. निदान चार फुलं तरी ठेवतात." मग स्वतःलाच आवरून म्हणाल्या, "पण प्रोजेक्टर म्हणजे ताट नव्हे." तो माणूस लगेच म्हणाला, "नाही मॅडम, आता कळलं. गोड घालायचं नाही." मी म्हटलं, "अरे, तिखटसुद्धा घालायचं नाही!" तेव्हा मॅडम हसल्या. मुंग्यांच्या दिवशी राहिलेलं सगळं हसू त्यांना एकदम आलं.

ते गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "जो माणूस वस्तू रिकामी परत करायला लाजतो, तो ती घेऊन पळून जाणार नाही. वर काय सांगायचं ते मी बघते. पत्त्याची अट काढा. फोन नंबर आणि ओळखीच्या एका माणसाचं नाव पुरे. पण पानावर मोठ्या अक्षरांत लिहा, पेटी रिकामी परत करावी." मी धावत जागेवर आलो. ती लाल अक्षरं काढताना मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! अंगणातलं तण उपटावं तशी एकेक ओळ उपटून काढली. पत्त्याची चौकट ठेवली, पण ती भरायची सक्ती काढली. ज्याला पत्ता आहे त्याने लिहावा, नाही त्याने पुढे जावं.

आणि मग ती ओळ लिहायला बसलो, तर हात चालेना. पेटी रिकामी परत करावी. सगळं बालपण तुझ्या हाताखाली गेलेल्या मुलाने हे लिहायचं! चार वेळा लिहिलं, पुसलं. शेवटी असं लिहिलं, "पेटी रिकामीच परत करावी. प्रेमाने काही आणलं असेल तर ते पेटीत न ठेवता टेबलावर ठेवावं, सगळे मिळून घेऊ." मॅडमनी वाचलं. म्हणाल्या, "सरकारी पानावर 'प्रेमाने' शब्द मी अजून पाहिला नाही." मी म्हटलं, "काढू का?" त्या म्हणाल्या, "राहू द्या. गुजरातीतही नीट येतोय ना तेवढं बघा."

आज दुपारी त्यांनी स्वतः बटण दाबून पान सुरू केलं. मी मनात मारुतीचं नाव घेतलं आणि डोळे मिटले, तर त्या म्हणाल्या, "डोळ्यांत काही गेलं का?" संध्याकाळपर्यंत नरोलीहून शिलाई मशीनची मागणी आली. कोणा बाईने केली आहे. पत्ता म्हणून लिहिलं आहे, "खोली, पाण्याच्या टाकीमागे." हिरवा दिवस माझ्या डोळ्यांदेखत लाल झाला. आयुष्यात इतका आवडलेला लाल रंग मी पाहिला नव्हता. उद्या सकाळी ते मशीन पुसून, तेल घालून, एक टीप मारून बघेन आणि मग देईन.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. लिहून झालं की घडी करून देवघराच्या फळीवर ठेवेन, आणि दिवाळीच्या साफसफाईत तुझी सून विचारेल, हे काय आहे. फक्त एक गोष्ट तुला सांगून टाकतो, मॅडमना सांगितलेली नाही. पान सुरू करण्याआधी ते चालतं की नाही हे बघायला कोणाच्या तरी नावाने वस्तू मागून बघावी लागते. मी तुझं नाव घातलं. बराच विचार करून तुझ्यासाठी दुर्बीण घेतली, एका रविवारची. ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव लिहिलं. पत्त्यापाशी आलो आणि थांबलो, मग ती चौकट तशीच कोरी ठेवून बटण दाबलं. पानाने काही हरकत घेतली नाही. "तुमची वस्तू राखून ठेवली आहे," असं आलं. चाचणीच्या नोंदी नंतर पुसायच्या असतात. बाकीच्या मी पुसल्या.