सामान कमी आणा

४ मार्च
फुकट ते पौष्टिक म्हणतात ना? साफ खोटं! कार्टीची जुनी खेळणी द्यायला दोन पोती उचलून कोपऱ्यावरच्या बालवाडीत गेले. बाईंनी एक गाडी उलटी केली, चाकं तपासली. "तुकडे सगळे आहेत ना? ही शाळा आहे, भंगाराचं दुकान नाही." मी गोड हसले. मनात म्हटलं, बये, आधी वरच्या ओठावरची लव काढून घे. पार्लर चालवते मी, नजर तिथेच जाते.

पोती तशीच परत आणली. मागून कार्टी — नऊ वर्षांची घोडी, आणि चेहऱ्यावर आनंद! परत आणली म्हणून. म्हटलं, खूश होऊ नकोस, दुसरी जागा शोधते.

५ मार्च
घाई का, ते लिहून ठेवते. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. दुसरं! फर्निचरवाल्यांशी. स्वतःचं दुकान, स्वतःचं घर, दारू नाही, डोक्यावर सासू नाही — या वयात असं स्थळ म्हणजे लॉटरीच. परवा पार्लरचा आरसा बसवताना सहज म्हणाले, "घर लहान आहे हो माझं. सामान जरा कमीच आणा."

सहज म्हणे! पुरुष असलं सहज बोलत नाहीत. दुसऱ्याची पोर कुणालाच नको असते, पण तोंडाने म्हणणार कोण? मी काय ते ओळखलं. आणि हिचा तर पोरीपेक्षा पसारा मोठा — नाकापेक्षा मोती जड! पोर टाकता येत नाही, निदान पसारा तरी टाकावा.

९ मार्च
हॉस्पिटलमध्ये मुलांच्या वॉर्डात गेलो. कापडी खेळणी घेत नाहीत, जंतू असतात म्हणे. प्लास्टिकची घेतली, तीही धुऊन नेली होती म्हणून. नर्स बिचारी घाईत, आणि कार्टी तिला धरून बसली. कुठल्या घोड्याला काय आवडतं, कुणाला कुणाशेजारी ठेवायचं नाही... "त्यांचं भांडण झालंय ना!" नर्स हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात दंडाला चिमटा काढला. रडली नाही. हा बापाचा गुण — सगळं गप्प सोसायचं आणि एक दिवस निघून जायचं. खाण तशी माती.

१० मार्च
कापडी अस्वलं अजून घरातच. किती घ्यावीत माणसाने!

१४ मार्च
अनाथाश्रम. वॉर्डनबाई फटकळ. "नवी असतील तर द्या. आमच्या मुलींना दुसऱ्याचं उतरलेलं देत नाही आम्ही." बरं बाई, राणीसरकार!

तेवढ्यात कार्टीने तोंड उघडलं. "इथे मुलींना स्वतःचं कपाट असतं?"
"असतं की. छोटंसं."
"आणि किती मोठ्या मुलींना घेता?"

वॉर्डनबाईंनी माझ्याकडे असं बघितलं! लाजेने मान वर करवेना. रस्त्यात विचारलं, "हौस आहे का तिथे राहायची? ठेवून येऊ?" तर म्हणते, "तुला हवं असेल तर." उलट उत्तरं द्यायला शिकली आहे.

१९ मार्च
मिळाली एकदाची जागा! भुवया करायला आलेल्या एकीने सांगितलं. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीण खेळण्यांचं वाचनालय चालवते. फाटकं, एका डोळ्याचं, काहीही चालतं तिला. शिवते आणि मुलांना आठवडाभर खेळायला देते.

सगळी अस्वलं टेबलावर ओतली. एक लंगडं माकड काही कार्टी सोडेना. "एवढंच राहू दे ना, आई. मी ते दप्तरात ठेवीन. नव्या घरी त्यांना दिसणार पण नाही." मास्तरीण म्हणाली, "राहू द्या हो एक." म्हटलं, एकाचे दहा व्हायला वेळ लागत नाही. बोटं एकेक करून सोडवली मी. घट्ट होती. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटून संसार होत नाहीत.

घरी येऊन तिची खोली झाडली. केवढी मोठी आहे खोली!

२३ मार्च
शाळेतल्या शिपायाच्या फोनवरून कार्टीने आजीला बोलावलं! बापाची आई. म्हणजे माझी जुनी सासू — हिला पाळणाघरात ठेवायचे तेव्हापासून जिचं तोंड बघितलं नव्हतं, ती दारात उभी.

"आईच्या नव्या घरात मी मावत नाही म्हणाली. तुझ्याकडे जागा आहे का विचारत होती. न्यायला आले आहे."

जिभेवर चार शिव्या आल्या होत्या. गिळल्या. वाटलं, बरंच झालं की! आपण काही न करता वाट मोकळी. कपड्यांची एक पिशवी भरून दिली. टॅक्सीत बसताना कार्टीने मला विचारलं, "आता त्यांना चालेल ना?" मी हो म्हटलं.

दार लावून चहा केला. हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२८ मार्च
फर्निचरवाल्यांनी आज घर दाखवायला नेलं. किल्ली माझ्या हातात दिली — "तुम्हीच उघडा."

आतल्या खोलीत भिंतभर फळ्या. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, कडा घासून गोल केलेल्या. "तिला हात पुरायला हवा ना. म्हणून तर तुम्हाला म्हटलं, तुमचं सामान कमी आणा. तिचं सगळं मावलं पाहिजे. आज का नाही आणलंत तिला?"

सांगायला लागले. निम्म्यावर आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, माझा हात धरताहेत. किल्ली मागत होते.